अणुभट्टी आपली, इंधन कुणाचं?

आपल्या या मालिकेचा आजचा भाग मी वाराणसीतून करतोय. काशी म्हटलं की मराठी माणसाला अहिल्याबाई आठवतात, गागाभट्ट आठवतात, ब्रह्मघाट आणि दुर्गाघाटावरची जुनी मराठी घरं आठवतात. त्या सगळ्यावर बोलायला स्वतंत्र भाग लागेल. आजचा विषय मात्र तुम्हाला काशीच्या संदर्भात जरा अनपेक्षित वाटेल. आज बोलायचंय ते अणुऊर्जेच्या इंधनाबद्दल.

काशीत हा विषय कशाला? सांगतो. १२ डिसेंबर २०१५ ला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे इथं आले, दशाश्वमेध घाटावर बसून त्यांनी गंगा आरती पाहिली. तो फोटो सगळ्यांनी पाहिला. त्याच दिवशी दिल्लीत भारत-जपान अणुसहकार्याचा समझोता झाला होता. पुढं नोव्हेंबर २०१६ मध्ये टोकियोत त्याचा प्रत्यक्ष करार झाला. मग १२ मार्च २०१८ ला फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्रों आले. अस्सी घाटावरून नावेत बसले, दशाश्वमेधपर्यंत आले. त्याच्या दोनच दिवस आधी दिल्लीत आपल्या जैतापूरच्या प्रकल्पाबद्दल फ्रेंच कंपनी ईडीएफ आणि आपलं अणुऊर्जा महामंडळ यांच्यात करार झाला होता. म्हणजे गंगेच्या घाटावर आलेल्या या दोन्ही पाहुण्यांच्या दौऱ्यात अणुभट्टीचा विषय होताच.

आणखी एक गंमत बघा. माक्रों त्याच दिवशी शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यात गेले आणि दादर कलान इथं फ्रेंच कंपनीनं उभारलेल्या ७५ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन झालं. सौर प्रकल्पाची पॅनेलं एकदा आणली की पुढं सूर्याशी करार करावा लागत नाही. अणुभट्टीचं तसं नाही. ती एकदा बांधली की साठ वर्षं तिला खायला घालावं लागतं. आणि तो घास कोण देणार, हाच आपल्या अणुकार्यक्रमाचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे. भट्ट्या किती बांधल्या याची यादी आपण पाठ करतो. इंधनाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ती आज सांगतो.

आधी थोडं गणित

वाराणसीहून गंगा ओलांडली की मुगलसराय. आता स्टेशनचं नाव बदललंय, पण लोक अजून मुगलसरायच म्हणतात. तिथल्या यार्डात थोडा वेळ थांबा, कोळशाच्या मालगाड्या जाताना दिसतील. एका मालगाडीत साधारण चार हजार टन कोळसा असतो. आता आपल्या देशी पद्धतीच्या अणुभट्टीत एक टन नैसर्गिक युरेनियम वापरलं तर जवळपास पावणेपाच कोटी युनिट वीज मिळते. तेवढ्याच विजेसाठी आपला कोळसा तीस हजार टनांच्या वर लागतो. म्हणजे सातआठ मालगाड्या एकीकडे आणि ट्रकच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा माल दुसरीकडे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, युरेनियम साठवता येतं. वर्षावर्षाचा साठा एका गोदामात राहतो. दुसरी गोष्ट उलटी आहे. माल इतका थोडा आणि इतका मोलाचा, की तो मोजक्या देशांच्या हातात राहतो आणि त्याचा पुरवठा तोडणंही सोपं असतं.

नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, फक्त ०.७ टक्के असतो. काही भट्ट्या त्यावरच चालतात, पण त्यांना जड पाणी लागतं. बाकीच्यांना हा भाग तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवलेलं, समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. ते करायचे कारखाने जगात मोजके आहेत. कुठली भट्टी निवडता, यावरच तुम्ही कुणाचे मिंधे होणार हे ठरतं.

भाभांचा हिशेब

१९५४ साली डॉ. होमी भाभांनी दिल्लीतल्या परिषदेत तीन टप्प्यांचा आराखडा मांडला. तो आराखडा म्हणजे घरातला शिधा बघून केलेला स्वयंपाकाचा बेत होता. घरात युरेनियम थोडं आणि हलक्या प्रतीचं. थोरियम मात्र भरपूर, केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटच्या वाळूत.

पण थोरियम थेट जळत नाही. ते ओल्या लाकडासारखं आहे. आधी दुसरा जाळ हवा, त्यात ते तापून युरेनियम-२३३ मध्ये बदलतं, मग ते जळतं. म्हणून भाभांचा क्रम असा: पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याच्या भट्ट्या. त्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं. दुसऱ्या टप्प्यात त्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक भट्ट्या, ज्या जळतात त्यापेक्षा जास्त इंधन तयार करतात. आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियम.

हे लक्षात ठेवा, कारण आजही कुठं भाषण झालं की कुणीतरी हमखास विचारतं. इथं वाराणसीतही एका इंजिनिअरिंगच्या मुलानं मला विचारलं, ‘सर, आपल्याकडे थोरियम आहे ना, मग चिंता कसली?’ त्याला उत्तर द्यायचं तर मधली सगळी गोष्ट सांगावी लागते.

तारापूरचा धडा

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. तारापूर, आजच्या पालघर जिल्ह्यातलं. तिथं भाभांनी आपल्याच आराखड्याला बगल देऊन एक वेगळी गोष्ट केली. पटकन वीज हवी होती, अणुवीज परवडते हे दाखवायचं होतं. म्हणून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून दोन तयार भट्ट्या घेतल्या. या भट्ट्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला. अमेरिकेनं तीस वर्षं इंधन द्यायचं आणि आपण या भट्ट्यांत त्यांचंच इंधन वापरायचं. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये तारापूर सुरू झालं. देशातली पहिली अणुवीज.

पाच वर्षंही झाली नाहीत तोवर १८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. कॅनडानं सहकार्य थांबवलं. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन गट बनवला. आणि १९७८ साली अमेरिकेनं नवा कायदा केला: ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी नाही, त्याला इंधन नाही. आपलं म्हणणं असं की १९६३ चा करार आधीचा आहे, नंतर केलेला कायदा त्याला कसा लागू होईल? अमेरिकेचं म्हणणं, आमच्या संसदेनं केलेला कायदा आम्हाला पाळावाच लागेल.

मग तारापूरचा एकेक हप्ता वॉशिंग्टनमध्ये वादाचा विषय झाला. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी इंधनाच्या खेपेला मंजुरी दिली. प्रतिनिधिगृहानं ती मोठ्या बहुमतानं फेटाळली. सिनेटमध्ये ती अवघ्या दोन मतांनी वाचली, ४८ विरुद्ध ४६. विचार करा मंडळी, मुंबई आणि गुजरातला जाणारी वीज अमेरिकेच्या सिनेटमधल्या दोन मतांवर लटकलेली होती.

शेवटी १९८२ मध्ये इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या, रेगन यांच्याशी बोलणं झालं आणि तोडगा निघाला: अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल. फ्रान्सनं १९९३ पर्यंत दिलं. कराराची मुदत संपली तसं तेही थांबलं. मग १९९५ मध्ये इंधन आलं चीनकडून. होय, चीनकडून. पुढं २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये रशियाकडून. एकाच केंद्राला चार देशांनी आळीपाळीनं जेवू घातलं. भट्ट्या तशाच, जागा तीच, दरवेळी बदललं ते फक्त राजकारण.

त्या काळात आपल्या तंत्रज्ञांनी भट्ट्या कमी क्षमतेवर चालवून इंधन पुरवून पुरवून वापरलं. प्लुटोनियम मिसळलेलं इंधन तयार करून त्याच भट्टीत वापरूनही पाहिलं. आणि एक हाडूक गळ्यात राहिलंच. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करायला अमेरिका संमती देईना आणि ते परतही नेईना. तारापूरच्या हौदांत ते साठत राहिलं. इंधनाचा करार लिहिताना येणाऱ्या मालाइतकंच जाणाऱ्या मालाचं लिहावं लागतं, हा तारापूरचा दुसरा धडा.

नाही म्हणाले म्हणून

इंधन नाकारण्याचा एक परिणाम मात्र कुणी धरला नव्हता. तमिळनाडूत कल्पाक्कमला फ्रान्सच्या मदतीनं एक छोटी प्रजनक भट्टी बांधणं चालू होतं. तिच्यासाठी खूप जास्त समृद्ध युरेनियम फ्रान्स देणार होता. १९७४ नंतर फ्रान्सनं नकार दिला. आपल्याकडे समृद्ध युरेनियम नाही, थोडं प्लुटोनियम आहे. मग प्लुटोनियमचं प्रमाण ७० टक्के असलेलं कार्बाइड इंधन बनवायचं ठरलं. असं इंधन घेऊन भट्टी चालवल्याचा दाखला जगात नव्हता. १८ ऑक्टोबर १९८५ ला ती भट्टी त्याच इंधनावर सुरू झाली.

या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यातून ‘आपलं काही अडत नाही’ असा अर्थ काढू नये. छोट्या प्रयोगाच्या भट्टीपुरतं आपण जमवलं. तिची मोठी बहीण, ५०० मेगावॉटची, कल्पाक्कमलाच २००४ मध्ये बांधायला घेतली. २०१० च्या सुमाराला ती चालू होईल असा अंदाज होता. तिचा गाभा भरण्याच्या कामाला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षं. दुसऱ्या टप्प्याचा वेग हा आहे.

गंगेकाठची भुकेली भट्टी

आता पुन्हा गंगेकडे वळू. याच गंगेच्या काठी, इथून बरंच वर, बुलंदशहर जिल्ह्यात नरोरा आहे. इंग्रजांच्या काळापासून खालच्या गंगा कालव्याचं पाणी जिथून उचलतात, तेच नरोरा. तिथं २२० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आहेत, १९९१ आणि १९९२ पासून वीज देणाऱ्या. रचना देशी, जड पाणी देशी, युरेनियम देशी. म्हणजे तारापूरच्या अगदी उलट. इथं कुणी बाहेरचा ‘नाही’ म्हणायला नव्हता.

तरीही २००७ ते २००९ या काळात नरोऱ्यासह देशी भट्ट्यांना इंधन पुरेना. २००८-०९ मध्ये आपल्या अणुकेंद्रांनी सरासरी निम्म्याच क्षमतेनं काम केलं. भट्टी सुस्थितीत, माणसं हजर, पण शिधा नाही. कारण साधं होतं. भट्ट्या वाढवल्या, खाणी वाढवल्या नाहीत.

आणि खाणी वाढवणं सोपंही नव्हतं. झारखंडमधलं जादूगुडा १९६० च्या दशकापासून चालू आहे. तिथल्या एक टन दगडातून युरेनियम निघतं जेमतेम अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी. कॅनडात काही खाणींत दगडाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक युरेनियम मिळतं. आपल्याकडे उरलेला जवळजवळ सगळा टन चुरा होऊन गाळाच्या तलावात जातो आणि मूळ दगडातला बहुतेक किरणोत्सार त्या गाळातच राहतो. जादूगुड्याच्या आसपासची आदिवासी गावं आरोग्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं मांडत आली आहेत. मेघालयात युरेनियम सापडून दशकं झाली, खासी समाजाच्या विरोधामुळे ते जमिनीतच आहे. म्हणून ‘देशी इंधन’ म्हणताना ते कुणाच्या अंगणातून येतं, हे विसरता येत नाही.

दार उघडलं, पण किल्ली कुणाकडे?

या टंचाईच्या पार्श्वभूमीवर २००५ ते २००८ चा भारत-अमेरिका अणुकरार बघा. तेव्हा चर्चा झाली ती सार्वभौमत्वाची, सरकार पडण्याची. पण आत जो प्रश्न धगधगत होता तो इंधनाचा. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या: युरेनियमसाठी दार उघडायचं आणि प्रजनक व थोरियमचं काम बाहेरच्या तपासणीखाली जाऊ द्यायचं नाही. म्हणून केंद्रांची वाटणी झाली. काही आंतरराष्ट्रीय तपासणीखाली, काही नाही. ६ सप्टेंबर २००८ ला पुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली. कराराच्या मसुद्यात तारापूरची आठवण स्पष्ट दिसते: भट्ट्यांच्या आयुष्यभर पुरेल असा इंधनाचा साठा करायला अमेरिका भारताला साथ देईल, असं त्यात लिहून घेतलं.

त्यानंतर फ्रान्स, रशिया, कझाकस्तानकडून युरेनियम यायला लागलं. २०१५ मध्ये कॅनडाच्या कंपनीशी पाच वर्षांत सुमारे तीन हजार टनांचा करार झाला. ज्या कॅनडानं १९७४ ला पाठ फिरवली होती, तोच कॅनडा. नरोराही २०१४ मध्ये तपासणीखाली आलं आणि आयात इंधनाला पात्र झालं. भट्ट्या पुन्हा पोटभर चालू लागल्या.

शंभर गिगावॉटचा प्रश्न

आज देशाची अणुवीज क्षमता नऊ हजार मेगावॉटच्या आत आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारनं लक्ष्य जाहीर केलं: २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट, म्हणजे शंभर गिगावॉट. अकरा पटींहून जास्त. जैतापूरच्या नियोजित ९,९०० मेगावॉटसारखे दहा प्रकल्प.

आता मी कागदावर केलेला ढोबळ हिशेब सांगतो, तुम्हीही करून बघा. देशी पद्धतीच्या एक हजार मेगावॉटला वर्षाला सुमारे १५० टन युरेनियम लागतं. परदेशी पद्धतीच्या भट्टीला, समृद्ध करण्याआधीचं मोजलं तर, तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे शंभर गिगावॉटला वर्षाला किमान पंधरा हजार टन. २०२४ मध्ये साऱ्या जगातल्या खाणींतून निघालं सुमारे साठ हजार टन. आजच्या जगाच्या उत्पादनाचा चौथा हिस्सा एकट्या भारताला लागेल. आणि त्या वेळी चीनही रांगेत असेल.

घरात काय आहे? आपल्या खनिज विभागानं शोधलेले साठे गेल्या वीस वर्षांत बरेच वाढले. आज ते सव्वाचार लाख टन ऑक्साइडच्या आसपास आहेत. त्यातलं प्रत्यक्ष युरेनियम सगळंच्या सगळं काढता आलं, तरी शंभर गिगावॉटला ते पंचवीसेक वर्षं पुरेल. भट्टीचं आयुष्य साठ वर्षांचं. आणि सगळं कधीच काढता येत नाही.

मग बाहेरून आणू. आणावंच लागेल. पण बाहेरचं चित्र बघा. जगातलं जवळपास चाळीस टक्के युरेनियम एकट्या कझाकस्तानातून येतं. समृद्धीकरणाच्या क्षमतेत रशियाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात. युक्रेनच्या युद्धानंतर मे २०२४ मध्ये अमेरिकेनं रशियन समृद्ध युरेनियमच्या आयातीवर बंदीचा कायदा केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियानं अमेरिकेला निर्यात रोखली. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला आणि फ्रान्सची तिथली खाण अडचणीत आली. १९७८ मध्ये तारापूरचं जे झालं, त्याच जातीच्या या घटना आहेत. फक्त तेव्हा एक केंद्र होतं.

मग थोरियमचं काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. थोरियम आहे, भरपूर आहे. पण भाभांचा क्रम आठवा. थोरियम पेटवायला आधी पुरेसा जाळ हवा. आपल्या देशी भट्टीतलं एक टन वापरलेलं इंधन घेतलं तर त्यातून प्लुटोनियम निघतं साडेतीन ते चार किलो. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या भट्टीला पहिल्यांदा भरायला सुमारे दोन टन लागतं. म्हणजे हजार मेगावॉटची साधी भट्टी सातआठ वर्षं चालली, तिचं सगळं इंधन वेळेवर प्रक्रिया करून घेतलं, तर हजार मेगावॉटच्या एका प्रजनक भट्टीची पहिली भरणी होते. पुढचं जोडलेलं प्लुटोनियम दुप्पट व्हायलाही दशकं लागतात. थोरियमच्या टप्प्याची पाळी त्यानंतर.

काकोडकरांनी अलीकडे एक वेगळी वाट सुचवली आहे: आयात केलेलं थोडं जास्त समृद्ध युरेनियम थोरियमसोबत मिसळून आजच्याच जड पाण्याच्या भट्ट्यांत वापरायचं. त्यानं थोरियमचा वापर लवकर सुरू होईल, हा त्यातला विचार. पण त्यातही ते समृद्ध युरेनियम बाहेरूनच यायचं. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथंच.

याचा अर्थ अणुऊर्जा नकोच, असं मी म्हणत नाही. कोळशाच्या त्या मालगाड्यांचीही किंमत आहे, ती इथून दक्षिणेला सोनभद्र-सिंगरौलीतले लोक मोजतायत. माझं म्हणणं एवढंच, की नवा प्रकल्प जाहीर होतो तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारतो: किती मेगावॉट आणि किती कोटी? इतिहास आणखी तीन प्रश्न विचारायला शिकवतो. या भट्टीला साठ वर्षं इंधन कोण देणार, आणि त्यानं हात आखडला तर दुसरा कोण? किती वर्षांचा साठा आपल्या गोदामात आधीच ठेवणार? आणि वापरलेलं इंधन कुठं जाणार, त्यावर प्रक्रिया करायचा हक्क आपल्याकडे आहे की नाही? तारापूरच्या वेळी तिन्हींची उत्तरं कच्ची होती. नरोऱ्याच्या वेळी खाणीचं उत्तर कच्चं होतं. दोन्ही वेळा किंमत आपण मोजली, पण तेव्हा अणुवीज देशाच्या एकूण विजेत तीन टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून निभावलं. शंभर गिगावॉटवर देश चालायला लागला की तसं निभावणार नाही.

म्हणून भट्टीच्या पायाभरणीआधी इंधनाची पायाभरणी व्हायला हवी. साठ्याची गोदामं, प्रक्रियेचे कारखाने, प्रजनक भट्ट्यांचा वेग, खाणीजवळच्या माणसांशी प्रामाणिक व्यवहार. यातल्या कशाचंही उद्घाटन भट्टीएवढं देखणं होत नाही. पण भाभांचा १९५४ चा आराखडा मुळात याच गोष्टींचा होता.

पुढच्या भागात जड पाण्याची गोष्ट, नांगल ते बडोदा. तोवर हा हिशेब तुमच्या घरातल्या इंजिनिअरला दाखवा, आणि चुकला असेल तर मला नक्की कळवा. नमस्कार.